ससा गप्प बसलाय म्हणजे बरा आहे असं नाही: घरच्या सशाचं वागणं कसं ओळखावं

मांजर भूक लागली की पायात घोटाळतं, कुत्रं दाराशी जाऊन भुंकतं. ससा यातलं काहीच करत नाही. म्हणून बहुतेक घरांत त्याच्याबद्दल एकच बोललं जातं, 'गरीब जनावर आहे, काही त्रास नाही बघा.' लेकरांच्या हट्टापायी संभाजीनगर नाहीतर नांदेडहून जोडी आणतात, पिंजरा ओसरीत ठेवतात, गाजर टाकतात. मग एखाद्या सकाळी ससा आडवा पडलेला दिसतो आणि सगळे म्हणतात, 'काल तर चांगला होता की!' खरं तर काल तो चांगला नव्हता. त्याच्या बसण्यात, कानांत, लेंड्यांत ते दिसत होतं, फक्त बघायचं कुठे हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

ससा हे दुसऱ्याचं भक्ष्य असलेलं जनावर आहे. कळपात जो दुबळा दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या अंगातच आहे. घरात आणलं म्हणून ती सवय जात नाही. तेव्हा आधी आपल्या सशाचं रोजचं वागणं पाठ करायचं, म्हणजे त्यात झालेला बदल डोळ्यांत भरतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. ससा कुठला आहे ते आधी पाहा

ऊस तोडताना, हरभरा काढताना शेतात सशाची पिल्लं सापडतात आणि कुणीतरी ती पिशवीत घालून घरी आणतं. तो रानससा. पाळीव सशाची जातच वेगळी. रानसशाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, तो घरात ठेवता येत नाही. शिवाय तो माणसाळतही नाही, धसक्यानेच मरतो. ओळखायला सोपं आहे. रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेलं असतं, पाळीव सशाचं उघडं आणि आंधळं. आई शेजारी दिसली नाही म्हणजे पिल्लू अनाथ झालं असं नाही. ती मुद्दाम लांब राहते आणि दूध पाजायला तेवढी येते. पिल्लू होतं तिथेच राहू द्या.

दुकानात मिळतो तो पाळीव ससा. पांढरा, लाल डोळ्यांचा असेल तर डोळे आले म्हणून घाबरू नका, त्याचा रंगच तसा. अशा सशांची नजर जरा अधू असते. ते एका जागी बसून डोकं हळूहळू डावीउजवीकडे हलवतात. अंगात आल्यासारखं दिसतं खरं, पण समोरची वस्तू किती लांब आहे याचा ते अंदाज घेत असतात.

२. ही तयारी करून ठेवा

• मोकळी जागा. जाळीच्या तळाचा पिंजरा नको, त्याने तळपायांना जखमा होतात. शहाबादी फरशी चालते, पण ती निसरडी असते म्हणून वर गोणपाट अंथरा.
• लपायला खोका, दोन्ही बाजूंनी तोंड असलेला. एकाच तोंडाच्या खोक्यात ससा कोंडला जातो आणि मग चावतो.
• लघवीसाठी पसरट घमेलं, त्यात वाळलेलं गवत. ससा सहसा एकच कोपरा धरतो. तो जो कोपरा निवडेल तिथेच घमेलं ठेवा, आपली सोय बघू नका.
• पाण्यासाठी जड भांडं. नळीच्या बाटलीपेक्षा भांड्यातून ससा जास्त पाणी पितो.
• स्वयंपाकघरातला वजनकाटा, टॉर्च आणि एक वही.
• गवत. आहाराचा मोठा भाग तोच, आणि तो दिवसरात्र समोर हवा. मारवेल, हराळी, वाळलेली किंवा हिरवी, दोन्ही चालतात. कडब्याचा वाळलेला पाला चालतो. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हे शेतकऱ्याला सांगायला नको, ती सशालाही घालू नका.

गवताबद्दल दोन धोके. बांधावर तणनाशक मारलेलं असतं, विचारल्याशिवाय तिथलं कापू नका. आणि गाजराचा पाला समजून गाजर गवत घालणारे लोक मी पाहिले आहेत. कोवळेपणी पानं बऱ्यापैकी सारखी दिसतात, पण हे गवत विषारी आहे.

कोथिंबीर, मेथी, पुदिना, मुळ्याचा पाला मूठभर द्या. गाजर म्हणजे गोड खाऊ, एखादी चकती पुरे. भाकरी, बिस्किट, आंबा, चिवडा काही नको. आजी मायेने भाकरीचा तुकडा टाकते आणि ससा तो मिटक्या मारत खातो, तरीही नको. पिठूळ पदार्थ त्याच्या पोटात आंबतात.

३. पहिले काही दिवस नुसतं बघा

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला हुंदडतो. दुपारी तो पडून असतो, ते बरोबरच आहे. पुष्कळदा डोळे उघडे ठेवूनच झोपतो. तेव्हा दुपारी 'सुस्त आहे' म्हणून उठवू नका, आणि संध्याकाळी सुस्त दिसला तर दुर्लक्ष करू नका.

वहीत एवढंच टिपा: सकाळी गवतावर तुटून पडला का, लेंड्या किती आणि कशा, बसायची लाडकी जागा कोणती. रोज वजन करायची गरज नाही, आठवड्यातून एकदा पुरे.

लेंड्यांकडे बघायला लोक लाजतात, पण सशाच्या तब्येतीचं पहिलं अनुमान तिथूनच निघतं. चांगल्या लेंड्या गोल, सारख्या आकाराच्या, कोरड्या असतात आणि चुरल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. बारीक, काळपट, वेड्यावाकड्या झाल्या की गवत कमी पडतंय. केसाने माळेसारख्या गुंफलेल्या निघाल्या तर अंगावरचे केस गळताहेत, हाताने किंवा मऊ ब्रशने रोज केस काढा. ससा कधी कधी मान खाली घालून थेट गुदद्वाराशी तोंड लावून मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी खातो. ही घाण सवय नव्हे. एकदा पचलेल्यातून जीवनसत्त्वं काढायची त्याची ती रीत आहे, अडवू नका.

लघवी कधी पिवळी, कधी दुधाळ, कधी तांबूस येते. तांबूसपणा पाल्यातल्या रंगाने येतो, दुधाळपणा कॅल्शियममुळे. पण रक्ताची रेघ वेगळी दिसली, किंवा लघवीला बसून तो जोर करतोय असं वाटलं, तर डॉक्टर.

४. कान, नाक आणि बसण्याची ढब

कान दोन वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक कान तुमच्याकडे आणि एक दाराकडे असेल तर तो निवांतही आहे आणि सावधही. दोन्ही उभे, पुढे वळलेले असले की काहीतरी चाहूल लागली आहे. पाठीवर मागे टेकलेल्या कानांबाबत बहुतेक जण फसतात. अंग सैल, डोळे अर्धवट मिटलेले आणि कान मागे असतील तर विश्रांती. अंग ताठ, शेपटी वर, मान पुढे आणि कान मागे असतील तर हात काढा, आता बोट जाईल. लोंबत्या कानांच्या सशाचे कान तेवढे बोलत नाहीत, त्याच्या अंगाकडे बघावं लागतं.

नाक बघायला मात्र सगळ्यांत मजा येते. जागा आणि उत्सुक ससा नाक सतत फडफडवतो. शेजारी नुसतं बसून राहिलात, हात लावला नाहीत, तर ही फडफड हळूहळू मंदावते, मध्येच थांबते, पुन्हा एकदा हलते आणि थांबते. तुमच्याजवळ बसून ज्या सशाचं नाक थांबतं, त्याने तुम्हाला स्वीकारलं असं समजा. खाऊसाठी पळत येण्यापेक्षा मी याला जास्त मानतो.

सशाला जवळपास चहूकडचं दिसतं, पण नाकासमोरचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही. म्हणून हात थेट नाकापुढे नेला की तो दचकतो. हात बाजूने, त्याला दिसेल असा आणा आणि कपाळावर ठेवा.

५. खूश आहे हे कशावरून?

• पळता पळता उंच उडी घेऊन हवेतच अंगाला पीळ देतो. नवीन माणसाला वाटतं झटका आला. हा निव्वळ आनंद आहे.
• खोलीभर गोल गोल सुसाट धावतो. संध्याकाळचा कार्यक्रम.
• पाय पोटाखाली घेऊन बसकण मारतो. निवांत आहे.
• नाकाने घोट्याला ढुशी देतो. 'बाजूला हो', 'कुरवाळ' नाहीतर 'खायला आण', प्रसंगावरून ओळखा.
• हात चाटतो. याहून मोठी पावती नाही.
• कुरवाळताना दात हलकेच घासल्याचा कुर्रकुर्र आवाज येतो, बोटांना गालात थरथर लागते. सुख वाटतंय.

आमचा भुऱ्या फरशीवर आडवा होतो ते पाहण्यासारखं असतं. आधी एकाच जागी दोन-तीनदा वळतो, गोणपाट पुढच्या पायांनी खरवडतो, बसतो, काहीतरी विचार केल्यासारखा थांबतो आणि धाडकन कुशीवर कोसळतो. मागचे पाय लांब, पोट पांढरंफेक वर. घरी आलेले पाहुणे हमखास ओरडतात, 'अरे, गेला!' गेलेला नसतो. पोट उघडं टाकून झोपणं म्हणजे इथे मला धोका नाही अशी त्याची खात्री झाली आहे.

मात्र मे महिन्यात हेच आडवं पडणं दुसरं काही सांगत असू शकतं. ते आठव्या पायरीत.

६. राग, भीती आणि हद्द

मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटणं म्हणजे धोक्याचा इशारा. गच्चीवर मांजर आलं, मुंगूस फिरकलं, साप निघाला, तर आपल्याआधी त्याला कळतं. रात्री पाय आपटायला लागला तर झोप मोडली म्हणून वैतागू नका, टॉर्च घेऊन एक फेरी मारा. काही ससे नुसत्या रागानेही आपटतात, नखं कापल्यावर तर हमखास.

गणपतीत, जयंतीला डीजे दारावरून जातो तेव्हा ससा कोपऱ्यात अंग चोरून गोठून बसतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. त्याला तेव्हा मांडीवर घेऊन समजावू नका. आतल्या खोलीत, खोक्यात, समोर गवत ठेवून सोडा आणि मिरवणूक गेल्यावर तो खातोय का ते बघा. फटाक्यांनाही हेच. किंचाळणं फार क्वचित ऐकू येतं. ते ऐकू आलं तर जिवावर बेतलेलं आहे.

हनुवटी खाटेच्या पायाला, चपलेला, तुमच्या गुडघ्याला घासतो, कारण हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. 'हे माझं' एवढाच त्याचा अर्थ. घमेल्यात हात घातला की गुरगुरून पुढच्या पंजांनी मारणारी मादी दुष्ट नसते, तिच्या घरात तुम्ही घुसलेले असता. ती बाहेर आल्यावर साफसफाई करा.

साधारण ४ ते ६ महिन्यांचा झाला की स्वभाव बदलतो. शांत ससा अचानक पायांभोवती गुरगुर आवाज करत फेऱ्या मारतो, भिंतीवर लघवीची पिचकारी मारतो, सोफ्यावर चढून घाण करतो. 'बिघडला' म्हणून त्याला गच्चीवर टाकतात ते याच वयात. तो फक्त वयात आलेला असतो. खसी केल्यावर बराचसा निवळतो. मादीचं ऑपरेशन तर केवळ वागण्यासाठी नाही, वय वाढलेल्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो म्हणूनही करावं.

आणखी एक सापळा: 'दोन्ही मादीच आहेत' हे दुकानातलं वाक्य. ३ महिन्यांच्या आत नर-मादी ओळखणं सरावलेल्यालाही चकवतं. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा आणि व्याल्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहू शकते, हिशेब तुम्हीच करा. मादी स्वतःच्या छातीचे केस उपटून गवतात भरायला लागली तर पिल्लं जवळ आली, किंवा खोटी गर्भधारणा आहे. पिल्लं झाली तर आई दिवसभर त्यांच्याकडे फिरकत नाही, रात्री-पहाटे एकदा-दोनदा काही मिनिटं पाजते. पिल्लांची पोटं गोल, ताणलेली असतील तर सगळं ठीक आहे, ड्रॉपरने गाईचं दूध पाजत बसू नका.

७. उचलणं

कान धरून उचलू नये. कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी. मागचे पाय मोकळे राहिले तर तो असा लाथ झाडतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. लहान मुलांना उभं राहून ससा देऊ नका, जमिनीवर बसवा आणि सशाला त्यांच्याकडे येऊ द्या.

पाठीवर उताणा केला की ससा निपचित होतो. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, 'बघा, झोपला' म्हणतात. तो भीतीने मेल्याचं सोंग घेत असतो. हा खेळ बंद करा. आंघोळही नको, भिजल्याच्या धक्क्याने ससे दगावतात.

८. दुखतंय हे ओळखा

पाठीला पोक काढून, पोट जमिनीला दाबून, डोळे बारीक करून कोपऱ्यात बसलेला ससा. खाऊ पुढे केला तर वास घेतो आणि तोंड फिरवतो. दात करकर वाजतात, कुरवाळतानाची हलकी कुर्रकुर्र नाही, लांबून ऐकू येईल असा आवाज. मध्येच पोट ताणतो, जागा बदलतो, पुन्हा पोक काढतो. हे पोटाचं दुखणं. आतड्यांची हालचाल मंदावली आहे. १० ते १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर उद्या सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री डॉक्टर शोधायचा. सशाला उलटी होत नाही, पोटात गेलं ते पुढेच सरकावं लागतं.

२०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी तयार केली. त्यात पाच गोष्टी बघतात: डोळे किती मिटलेत, गाल चपटे झालेत का, नाकपुड्या टोकदार दिसतात का, मिशा ताठ आहेत का, आणि कान गुंडाळल्यासारखे मागे गेलेत का. ससा धडधाकट असताना त्याचा बाजूने एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. शंका आली की शेजारी धरून बघा, फरक लगेच कळतो.

मान एका बाजूला वाकडी होणं, लाळ गळणं, खाताना घास पडणं, नाक वाहून पुढच्या पंजांचे केस चिकट होणं, याही डॉक्टरकडे जायच्याच गोष्टी. दात आयुष्यभर वाढतात, गवत कमी पडलं की ते झिजत नाहीत आणि तोंडात रुततात. पावसाळ्यात मागची बाजू रोज तपासा. लेंडी चिकटून ओली राहिली की माशी बसते आणि बघता बघता किडे पडतात.

आता उन्हाळा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि सशाला ३० च्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते. पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे दुपारी भट्टीच. त्याला आतल्या, खालच्या मजल्याच्या खोलीत हलवा. कूलर लावला तर खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नुसती दमट हवा फिरते. बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पाणी माठातलं द्या.

आता तो आडवा पडलाय ते सुखाने की उन्हाने? कानांना हात लावा. कान चटका लागावा इतके तापलेले, नाक थांबायच्या ऐवजी भराभर चाललेलं, नाकाभोवती ओलं आणि हाक मारली तरी मान उचलत नाही, तर ते ऊन आहे. तोंड उघडून श्वास घेत असेल तर वेळ फार कमी उरला आहे. कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फाचं पाणी नको, अंग बुडवू नका आणि निघा.

९. डॉक्टरकडे जाताना

गावातले पशुवैद्य गाई-म्हशींत मुरलेले असतात, ससा त्यांच्याकडे क्वचित येतो. म्हणून 'तुम्ही ससे बघता का?' हे गरज पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथे चौकशी करा.

सोबत हे न्या:
• वही, म्हणजे शेवटचं कधी खाल्लं, वजन किती होतं
• ताज्या लेंड्या कागदात गुंडाळून
• विचित्र वागण्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ, कारण टेबलावर ससा हटकून ठणठणीत असल्याचं नाटक करतो
• आधी दिलेल्या औषधाचं पाकीट
• हवेशीर टोपली, तळाला गोणपाट, थोडं गवत
• जोडीचा ससा असेल तर तोही, एकट्याने परत आलेल्याला दुसरा वासावरून परका समजून मारतो

दोन गोष्टी आपणहून बोला. तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलीन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून जिवावर बेततं, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल सशाला विष आहे. मेडिकलमधून आपल्या मनाने काही आणायचं नाही हे तर आलंच. ऑपरेशन असेल तर आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगितलं की थांबा आणि पुन्हा विचारा. सशाला उपाशी ठेवत नाहीत.

उन्हाळ्यात एसटीने जायचं असेल तर पहिली गाडी धरा, आणि टोपली इंजिनाच्या बाजूला ठेवू नका.